डन्स्टन म्हणजे काळा दगड

रोविनाने बाळाचं नाव डन्स्टन ठेवलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण एक्केचाळिसाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

बेचाळीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची, असा कायदा. तिचा नवरा जाइल्स पहिल्या दिवसापासून एकाच नावाला चिकटून होता. ते त्याच्या आजोबांचं नाव. यॉर्कशरच्या त्या अख्ख्या खोऱ्यात आता एवढा एकच डन्स्टन उरला होता, आणि तोही ब्याऐंशीचा. फार जुनं इंग्रजी नाव, जाइल्स सांगे. या नावाच्या एका संताने सैतानाचं नाक सांडशीत धरलं होतं. रोविना म्हणाली, आपल्या बाळाला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही. शिवाय नावाचा अर्थ काळा दगड. लोण्याच्या गोळ्याला काळा दगड म्हणायचं? तिला नोआ हवं होतं. गावात चार नोआ होते, पण त्यातला एक मेंढा होता, म्हणून ती तीनच धरत होती.

या चौथ्या नोआने वरच्या कुरणाच्या गडग्याला खिंडार पाडलं. आजोबांनी जन्मभर गडगेच रचले. ना चुना, ना सिमेंट, नुसता दगडावर दगड. हे खिंडारही तेच बुजवत होते. रोविना बाबागाडी ढकलत त्यांना चहा, केक आणि चीज द्यायला गेली, आणि नावाचं एकदाचं तोंडावर सांगून टाकायला. पण तोंडावर सांगणं जड जात होतं, म्हणून तिने उगाच ढिगातला एक दगड उचलला. काळा, वेडावाकडा, तीन बटाटे एकमेकांवर रुसून बसल्यासारखा. बघून ती तो खाली ठेवायला वाकली.

"अंहं, पोरी," आजोबा म्हणाले. "उचललेला दगड परत ठेवायचा नसतो. त्याची जागा शोधायची."

"आणि जागाच नसली तर?"

"असते. घाई आपल्याला असते, दगडाला नाही."

रोविनाने अकरा ठिकाणी तो बसवून पाहिला. चहा निवला. बाळ रडलं, झोपलं, परत रडलं. आजोबांनी मदत केली नाही, केक मात्र संपवला. मग तेच म्हणाले, "माझं नाव ठेवू नका, असं मी जाइल्सला सांगितलंय. शाळेत मला फार चिडवायचे. पुढे त्या शाळेचा गडगा मीच रचला. शाळा बंद पडली. गडगा आहे."

बाराव्या जागी, वरून तिसऱ्या थरात, दगड खट्कन बसला. जणू खिंडार त्याच्याच मापाने पाडलं होतं. रोविनाने ढकलून पाहिलं, खांदा लावून पाहिलं. हलेना. तेवढ्यात नोआ लांबून धावत आला, त्याच दगडावर डोकं आपटलं, जरा विचार केला आणि गवत खायला निघून गेला.

रोविनाने जाणाऱ्या नोआकडे पाहिलं. मग बाबागाडीत वाकून ती हळूच म्हणाली, "डन्स्टन."

बाळ गप्प झालं. आजोबा खाली बसून फटी भरायला कपच्या वेचत होते. बराच वेळ ते एकच कपची वेचत राहिले.

दुसऱ्या दिवशी नोंद झाली. सोबत रोविनाने एक अर्जही दिला:

"मा. जन्मनोंदणी अधिकारी यांस, विनंती की, वरच्या कुरणातील गडग्याच्या वरून तिसऱ्या थरातील काळ्या दगडाची आमच्या मुलाच्या नामकरणास साक्षीदार म्हणून सही घ्यावी. सदर दगड कामावर रुजू असल्याने कार्यालयात हजर राहू शकत नाही. तरी आपण नोंदवहीसह कुरणात यावे. मेंढा बांधून ठेवण्यात येईल."