टाचण्या वेचणारा लोहचुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे, मित्रांनो. माझी उमेदीची वर्षे एका रेडिओच्या पोटात गेली. तो कायमचा मुका झाला, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला बाहेर काढले आणि शिवणकाम करणाऱ्या आपल्या बायकोला दिले. टाचण्या वेचायला तिला वाकावे लागू नये, एवढाच हेतू.

बाई लहान मुलांचे कपडे शिवत. मला दोरी बांधून फरशीवर फिरवीत. टाचण्या चिकटल्या की मी साळिंदरासारखा दिसे आणि त्यांची मुलगी खुदकन हसे.

एकदा एका लहान मुलीची आई शिवून नेलेला फ्रॉक घेऊन परत आली. कॉलरमध्ये टाचणी राहिली होती. "तुमची ठेव परत करायला आले," ती थट्टेने म्हणाली. कुणाला काही लागले नव्हते. सगळे हसले. बाईही हसल्या, पण मला धरलेली त्यांची मूठ गार पडली होती.

तेव्हापासून शिवलेल्या प्रत्येक कपड्यावरून मी फिरू लागलो. काही चिकटले नाही की बाईंना हायसे वाटे. पण इस्त्री तापेपर्यंत मनात येई, अस्तरात असेल तर? मग शिवण उसवायची, पुन्हा शिवायची. शिवायचे म्हणजे टाचण्या आल्याच, म्हणून पुन्हा मी. आधी लोकांनी त्यांच्या काटेकोरपणाचे कौतुक केले. नंतर कपडे पलंगावर साचले आणि लोक दुसरीकडे गेले. बाईंना कळत होते, पण वळत नव्हते.

मुलीला मुलगी झाली. बाईंनी नातीसाठी फ्रॉक शिवला आणि दिलाच नाही. नात वाढत होती, फ्रॉक वाढत नव्हता. "नाही ना गं टाचणी?" त्या विचारीत. मुलगी नाही म्हणे. तेवढ्यापुरते बरे वाटे आणि पुन्हा तोच प्रश्न.

शेवटी मुलगी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, नावाचा आजार आहे. तपासणी ही भीतीला दिलेली खंडणी असते, आणि खंडणी घेणारा पुन्हा येतोच. आता कपडा एकदाच तपासायचा, मला खणात ठेवायचे आणि जिवाची घालमेल आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. मुलीनेही धीर देणारे उत्तर द्यायचे नाही. आधी पलंगावर साचलेल्या परक्यांच्या कपड्यांवर सराव झाला. बाईंना घाम फुटे. काही दिवस साधे, काही दिवस साधत नसे.

मग नातीच्या फ्रॉकची पाळी आली. एकदाच फिरून मी खणात गेलो. फ्रॉक अंगात घालताच नात रडू लागली. बाईंनी खण उघडला. त्यांची बोटे माझ्यावर टेकली.

"टाचणी असेल का गं?"

"मला माहीत नाही, आई," मुलगी म्हणाली. "मी बसते तुझ्याजवळ."

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग बोटे उचलली गेली. बाईंनी रडत्या नातीला उचलून छातीशी धरले. फ्रॉक काखेत दाटत होता, एवढेच.

आता बाई नाहीत. मुलगी कधीतरी खण उघडते, मला पाहते आणि खण बंद करते. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे आम्ही नेहमी सांगतो. मी वेगळे मागतो. तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत असेल, तर हसू नका, रागावू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांचा हात माझ्यासारख्या वस्तूकडे वळेल, तेव्हा शेजारी बसा.