रबीहाच्या नावाचा नळ

शकीबने पाण्याचा नमुना तिसऱ्यांदा तपासला. नायट्रेटचा आकडा तोच, मर्यादेच्या कितीतरी वर. वरच्या टेकडीवर नवी घरं उठली, प्रत्येकाने शौचखड्डा खणला आणि ती घाण झिरपत विहिरीत उतरली होती. अजलून शहरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेला माणूस तो. अशा कितीतरी विहिरींना त्याने डोळे झाकून टाळं ठोकलं होतं. पण ही रबीहाची होती.

मूलबाळ नव्हतं. बायको रबीहा गेली तेव्हा तिच्या बांगड्या विकून त्याने तिच्या नावे गावाला विहीर दिली, रस्त्याकडेला नळ काढला. लोक पाणी पिऊन म्हणायचे, "अल्ला रबीहावर दया करो." कुणी पितंय तोवर तिला पुण्य पोचतं, असं गाव मानायचं. पुण्याचं शकीबला फारसं कळत नव्हतं. तो रोज संध्याकाळी समोरच्या कट्ट्यावर बसायचा, तो तिचं नाव कानावर पडावं म्हणून. घरात ते घेणारं कुणी नव्हतं.

अहवाल बारा दिवस सहीवाचून खिशात राहिला. मोठ्या माणसांना कुठे काय होतंय, अशी तो स्वतःची समजूत घालत होता.

तेराव्या संध्याकाळी शेजारची उम्म हैसम कॅन घेऊन आली.

"काय शकीबभाऊ, पहारा चाललाय? नळ काही पळून जात नाही हो!"

"आज दोन कॅन? पाहुणे आलेत?"

"नात आलीय, दीड महिन्याची. सुनेला दूध नाही, डब्याचं पाजतोय. पाणी मात्र आपल्या रबीहाचं! दोनदा खळखळून उकळते मी."

शकीब कट्ट्यावरून उठला. हे विष उकळून मरत नाही. पाणी आटतं आणि ते आणखी वाढतं; तान्ह्या बाळाचा जीव घ्यायला तेवढं पुरतं. त्याने तिच्या हातातला भरलेला कॅन हिसकावून ओतून दिला.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"पाणी खराब आहे. पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. ओठ बघ तिचे, निळे पडलेत का."

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

ती कॅन तिथेच टाकून धावत सुटली. शकीबने नळ बंद केला, टाळं घातलं आणि खिशातल्या अहवालावर सही करून तो त्यावर डकवला.

पोरगी वाचली. तेही त्याला चौथ्या दिवशी वाण्याकडून कळलं. घरी सांगायला कुणी आलं नाही. त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर बसला असताना एक बाई पोराला ओढत नळापासून लांब नेत होती.

"हात लावू नकोस! रबीहाचं पाणी आहे ते!"

शकीब उठला आणि घरी गेला. नंतर तो त्या कट्ट्यावर कधी बसला नाही.