नमुन्यातला वाईट साहेब

कोर्स बनवायचं नवीन सॉफ्टवेअर गुरुवारी येणार हे कळल्यापासून प्यो ग्यू-सोक लिफ्टमध्ये शीळ घालू लागला होता. छांगवॉन शहरातल्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात प्रशिक्षण विभागाच्या उपप्रमुखाने शीळ घालणं ही बातमीच होती.

विभागातल्या प्रत्येकाला त्या सॉफ्टवेअरकडून काही ना काही हवं होतं. मजकूर टाइप केला की ते गोड आवाजात वाचून दाखवणार होतं. एक वाक्य बदलायचं म्हणून अख्खं चित्रीकरण पुन्हा करावं लागणार नव्हतं. नव्या भरतीला सभागृहात कोंबण्याऐवजी प्रत्येकाला आपापल्या संगणकावर कोर्स मिळणार होता, आणि प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडणार नव्हतं. पण प्योला हवी होती ती यातली एकच गोष्ट: माणसांऐवजी चित्रातली पात्रं.

कारण अकरा वर्षांपूर्वी 'कार्यालयातील छळ' या सक्तीच्या कोर्ससाठी नट परवडेनात, तेव्हा विभागातला सगळ्यात कनिष्ठ म्हणून वाईट साहेबाची भूमिका प्योच्या गळ्यात पडली होती. "तुला आईबापांनी हेच शिकवलं का?" असं ओरडून त्याने फाईल अशी भिरकावली होती की कॅमेरावाला खाली बसला. तेव्हापासून दर वर्षी नवी भरती मोठ्या पडद्यावर त्याला बघत आली, आणि कँटीनमध्ये त्याला वाट करून देत आली.

"तुमच्यासमोर पोरं सूप पीत नाहीत, प्योसाहेब," सहकारी तक ह्ये-जू म्हणायची. "नुसतं गिळतात."

हे त्याने इतकी वर्षं पचवलं. पण आता त्याची लेक दान्बी स्वतःच्या हिमतीवर परीक्षा पास होऊन याच समूहाच्या गिम्हेच्या कारखान्यात लागली होती. सोमवारी तिचं प्रशिक्षण. कोर्स तोच. अप्पा ऑफिसात नेमकं काय करतात, हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि त्याने सांगण्याची घाई केली नव्हती.

वसंतात येणार म्हणून सांगितलेलं सॉफ्टवेअर पानगळीपर्यंत लांबलं होतं. त्यामुळे गुरुवारी ते खरंच आलं तेव्हा विभागाचं लग्नघर झालं. नव्या यंत्राची पूजा झालीच पाहिजे, असा बांग संचालकांचा आग्रह. रिवाजाप्रमाणे पूजेत डुकराचं मुंडकं मांडायला इमारतवाल्यांनी मनाई केली, म्हणून टॅब्लेटवर हसऱ्या डुकराचा फोटो लावला, पुढे तांदळाची दारू ठेवली आणि सगळ्यांनी ओळीने वाकून नमस्कार केला. प्यो इतका वाकला की टाय दारूत बुडाला.

मग सगळे पडद्याभोवती जमले. पात्रांची गॅलरी उघडली.

"हा घ्या! चष्मेवाला," प्यो हरखून म्हणाला.

"हिशेबखात्याचे प्रमुख," तक म्हणाली.

"मग हा टकलू."

बांग संचालक मागेच उभे होते. त्यांनी सावकाश डोक्यावरून हात फिरवला.

"हा जाडा?"

"कारखाना व्यवस्थापक. कुठल्याही बाजूने बघा."

गॅलरीत शेकडो पात्रं होती, आणि वाईट साहेब म्हणून शोभेल असं प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या वरिष्ठासारखं दिसत होतं. सही तर वरिष्ठांचीच लागणार. प्योच्या कपाळावर घाम आला.

"एवढी डोकेफोड कशाला?" बांग संचालक म्हणाले. "जुना व्हिडिओ यात तसाच चढवता येतो ना? तुमचं काम चांगलं झालंय त्यात, प्यो."

"साहेब, दोन मिनिटं द्या," प्यो जवळजवळ हात जोडून म्हणाला, आणि त्याने प्राण्यांचं पान उघडलं. तिथे एक रॅकून होता. सुटाबुटातला.

"हा आपल्याकडे कुठल्याच हुद्द्यावर नाही," तक म्हणाली.

बांग संचालकांनी वाकून निरखलं. "हिशेबखात्याच्या प्रमुखांची झाक वाटते का?"

"नाही साहेब. त्यांना शेपूट नाही."

सही झाली. प्योला रॅकूनला मिठी मारावीशी वाटली. शुक्रवार-शनिवार-रविवार तो त्याच्यातच रमला. ओरडताना रॅकूनचं शेपूट फुललं पाहिजे, हे त्याचं स्वतःचं डोकं. फाईल भिरकावण्याची कमान त्याने सतरा वेळा दुरुस्त केली. रविवारी संध्याकाळी तकला फोन करून त्याने नुसता शेपूट फुलतानाचा फुर्र आवाज ऐकवला. "झोपा आता," ती म्हणाली, "तुम्ही बापमाणूस आहात."

सोमवारी रात्री जेवायच्या वेळेला दान्बी घरी आली. प्यो दाराकडे तोंड करून बसला होता.

"कसं झालं प्रशिक्षण?"

"झालं."

"झालं म्हणजे? तो छळाचा कोर्स… रॅकून कसा वाटला?"

"कुठला रॅकून?"

"अगं, सुटातला! फाईल फेकतो तो!"

"अप्पा, ते कोण बघतं?" दान्बीने मुळ्याची किमची तोंडात टाकली. "कोपऱ्यात चालू ठेवलं आणि आम्ही कॉफीला गेलो. प्रश्नांची उत्तरं बॅचच्या ग्रुपवर आलीच होती."

"कोणीच नाही बघितलं? शेपूटसुद्धा?"

"आवाज बंद होता ना."

प्योने चॉपस्टिक खाली ठेवल्या. आता लेकीला काही कळणार नव्हतं, भरतीला कळणार नव्हतं, कँटीनमध्ये कोणी बाजूला सरणार नव्हतं. जे जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. तो उठला, आतल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आला आणि ताटं सरकवून मधोमध ठेवला.

"अहो, सूप गार होतंय," बायको म्हणाली.

"होऊ दे. दान्बी, फोन ठेव बाजूला. आवाज मोठा करतोय."

पडद्यावर अकरा वर्षांनी तरुण असलेला एक माणूस टेबलावर मूठ आपटत उभा राहिला. दान्बीचा घास हातातच राहिला.

"अप्पा! हे तुम्ही?"

"गप्प बस आणि फाईल फेकतो ते नीट बघ," प्यो म्हणाला. "एकाच टेकमध्ये झालंय."