चंपीचं डोहाळजेवण

चिंचपोकळीच्या त्या चाळीत कांताला बकुळेचं सगळंच खुपायचं. तिचे केस, तिचा आवाज, तिच्या हातची कोलंबीसुद्धा. त्यात दोघींनी पाळलेल्या कुत्र्या एकाच वेताच्या, सख्ख्या बहिणी. बकुळेनं आपल्या ढवळीचं परळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा डॉक्टर कांतालाही म्हणाले होते, "तुमचीलाही आणा. पुढे पिशवीत पू होतो, सडांना गाठी येतात. वेळीच काढलेली बरी."

बकुळेनं केलं ना? मग कांता जीव गेला तरी करणार नव्हती. आपल्या चंपीला पिल्लं होतील, ती बकुळेच्या दारात हुंदडतील आणि ही बया नुसती बघत बसेल, एवढंच तिच्या डोक्यात.

चार वर्षांनी चंपीचं पोट वाढलं आणि कांताला आकाश ठेंगणं झालं. तिनं चक्क डोहाळजेवण घातलं! पाठीवर हिरवा खण, गळ्यात अबोलीचा गजरा, पुढ्यात मटण. बोलावणं सगळ्या बायकांना, बकुळेला सर्वांत आधी. चंपीनं मटण हुंगलंही नाही. पाणी तेवढं घटाघटा पीत राहिली.

बकुळेनं तिची शेपटी उचलून पाहिली. "कांते, ही गाभण नाय गो. पू जातोय हिला. उचल, डॉक्टरकडे ने."

"जळतेस तू! स्वतःची वांझ करून ठेवलीस, आता माझं बघवत नाय तुला."

तेवढ्यात चंपी गजऱ्यासकट पाटावर कलंडली. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी कडकडीत हरताळ होता. ना ट्राम, ना टॅक्सी. कांताचा नवरा मोर्चाला गेलेला. बकुळेनंच चंपीला गोधडीत घेतलं आणि लालबागवरून परळ गाठलं. मागून रडत धावणाऱ्या कांताला तशातही वाटलंच, माझी कुत्री हिच्या खांद्यावर बरी मान टाकून पडलीय!

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "पिशवी पुवानं भरली होती. वाचली, पण थोडक्यात." मग ते कांतावर उखडले. "चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. का नाही केलंत?"

"राहून गेलं, डॉक्टर," बकुळा पटकन म्हणाली. "घरचा व्याप असतो तिला."

म्हणजे पांघरूणही हिनंच घालायचं! हा मोठेपणासुद्धा हिच्याच पदरात! कांताला ते सोसेना.

"व्याप-बिप काय नाय," ती म्हणाली. "हिनं आधी केलं, डॉक्टर. म्हणून मी नाय केलं."