अक्रोडाचं वाटण

माझं पोट बोलतं. तेही नेमकं मी बोलायची थांबले की! पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं माझं काम. माइक इतका तिखट कानाचा, की पोटातली गुरगुर वाक्यात शिरते. कादंबरीतली बाई नवऱ्याच्या उशाशी बसलेली असते आणि मध्येच माझं आतडं मत देतं.

"आज शेवटचं बघू," रेकॉर्डिस्ट म्हणाला होता. "नाहीतर दुसरा आवाज घ्यावा लागेल."

ही कादंबरी मला हवी होती हो! किती वर्षं औषधांच्या जाहिरातींत घसा झिजवला, तेव्हा कुठे हातात आली. घरी बाबांना मोठ्यांदा वाचून दाखवत तयारी केली. आहाराच्या डॉक्टरीणबाईंनी लो फॉडमॅप, म्हणजे पोटात वायू धरणारं सगळं वगळलेला आहार, लावून दिला. कांदा गेला, लसूण गेला, गहू गेला, काजू-पिस्ते गेले. मधल्या भुकेला उरले मूठभर अक्रोड. तेच देवासारखे धरून बसले होते.

पण अक्रोडाचा कण घशात अडकतो, मग खोकला. म्हणून बाबांनी काल मिक्सरवर लोण्यासारखं वाटण करून डबीत भरून दिलं. काय गोड लागलं! रेकॉर्डिंगच्या आधी चाटून पुसून खाल्लं.

तिसऱ्या पानावर पोट तट्ट फुगलं. पुढच्या पानावर ते बोललं. मी पोटावर उशी दाबली, श्वास कोंडला, पुन्हा वाचलं, पुन्हा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून ठेवले.

"जा घरी," तो म्हणाला. रागावला असता तरी बरं झालं असतं.

घरी आले ती रिकामी डबी ओट्यावर आपटतच.

"अक्रोडही सोसत नाहीत, बाबा! आता काय, दगड खाऊ?"

बाबांचा चेहरा उतरला. "नुसते अक्रोड कडवट लागत होते गं. थोडे काजू घातले. काजू मऊ, घशाला बरे..."

"काजू?"

"पोर उपाशी राहते, म्हटलं दोन घास गोड खाईल."

मला ओरडायचं होतं. जीव खाऊन ओरडायचं होतं. ओट्याला धरून उभी राहिले आणि हमसाहमशी रडले.

बाबांनी माझा फोन उचलला, चष्मा न लावताच रेकॉर्डिस्टचं नाव शोधलं.

"साहेब, चूक माझी आहे. पोरीची नाही. उद्या तिला नुसते अक्रोड देतो, पोट वाजणार नाही. मी शब्द देतो."

"काका, दुसऱ्या बाई वाचायला बसल्यात," पलीकडून आवाज आला. "सुरू झालंय आमचं. ठेवतो."

"अहो, पण ती बाई नवऱ्याच्या उशाशी बसते ते पान ऐकलंत का तुम्ही? ते माझ्या पोरीसारखं कुणी वाचत नाही. मी ऐकलंय ना. रोज ऐकलंय."

फोन केव्हाच बंद झाला होता. बाबा बोलतच होते.