मिठाचा रकाना

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये कोण काय शिकलं आणि त्यातलं किती वापरलं, याची नोंद माझ्याकडे पक्की असते. समोरच्या कांचननं शिवणाचा क्लास दोनदा केला, ब्लाउज अजून शिंप्याकडे टाकते. आमच्या ह्यांनी योगासनांच्या शिबिराचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. ते तिरकं झालं की स्टुलावर मीच चढते, कारण ह्यांची कंबर धरते. पण वरच्या मजल्यावरच्या सदाशिव देवपुजाऱ्यांसारखा शिकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

देवपुजारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. नागपूरहून आले आणि तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. तिथला नियम एकच. नकाशा पुरा होऊन त्यावर मंजुरीची सही झाल्याशिवाय खाली वर्कशॉपमध्ये कुणी लोखंडाला हात लावायचा नाही. घरी चहासुद्धा कधी केला नव्हता. बायको होती ना, रत्नप्रभा.

दिवाळीनंतर हॉस्पिटलनं रत्नप्रभाला घरी पाठवलं. पोटातला आजार पसरला होता, आता घरीच ठेवा म्हणाले. मूलबाळ नाही. स्वयंपाकघराच्या दारासमोर तिची खाट टाकली आणि तिनं पडल्यापडल्या नवऱ्याला स्वयंपाक शिकवायला घेतला. देवपुजाऱ्यांनी लांब रजा टाकली आणि एक जाडजूड वही आणली.

मी साडेअकराला दोघांचा डबा घेऊन वर जायची, तेव्हा शाळा भरलेली असायची.

"आंबट वरण लिहा. तूरडाळ एक वाटी."

"कुठली वाटी?"

"घरातली."

"घरात सात वाट्या आहेत. तीन मापांच्या."

"अगं बाई," रत्नप्रभा माझ्याकडे बघून म्हणाली, "मी एवढी वर्षं जेवायला घालत होते, तेव्हा हे वाट्या मोजत होते की काय?"

"चिंचेचा कोळ किती? गूळ? आणि मीठ?"

"मीठ अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"ते सांगून येत नाही हो. घालायचं, चाखायचं. मी चाखून सांगेन ना."

देवपुजाऱ्यांनी फूटपट्टीनं मिठाचा रकाना आखला आणि रिकामा सोडला. "हा ट्रायलच्या वेळी भरू."

"मग घ्या की ट्रायल. डाळ आहे, चिंच आहे, मी आहे."

"अर्धवट कागदावर काम सुरू करायचं नसतं. आधी वही पुरी होऊ दे."

पोळीचं त्यांनी चित्र काढलं होतं, वरून आणि बाजूनं, जाडी मिलिमीटरमध्ये. मी म्हटलं, "देवपुजारी, ही पोळी तव्यावर टाकायची की क्रेननं उचलायची?" ते हसले नाहीत. "वहिनी, बत्तीस पदार्थ झाले. अजून सोळा."

ते औषधं आणायला गेले तेव्हा रत्नप्रभानं माझा हात धरला. "सुलभा, मला एकदा ह्यांच्या हातचं खाऊन जायचंय. करपू दे, कच्चं राहू दे. माझ्यामागं हा माणूस उपाशी राहणार नाही, एवढं डोळ्यांनी बघितलं की झालं."

हे मी त्यांना सांगायला हवं होतं. शिकलेलं वापरत नाहीत म्हणून गावाला नावं ठेवणारी मी. पण मला वाटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला? आणि मी रोज साडेअकराला डबा पोचवत राहिले. वेळेवर, गरम. त्या घरातला गॅस पेटायचं काही कारणच मी शिल्लक ठेवलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वही पुरी झाली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, नकाशावर असते तशी, त्यांनी चौकट काढली होती. 'तयार करणार' समोर त्यांची सही. 'मंजूर' समोर जागा. तिला उशीला टेकवून बसवलं, पेन हातात दिलं. तिनं किती वेळ लावून नाव लिहिलं. 'प्रभा' खाली घसरत चौकटीबाहेर गेलं.

"झालं ना मनासारखं?" ती म्हणाली. "आता करा."

"उद्या रविवार. सकाळी बाजारातून नवी चिंच आणतो आणि व्यवस्थित करतो."

रविवारी सकाळी ते चिंच घेऊन आले, तेव्हा तिच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. कापसानं ओठ ओले करत राहिलो. बुधवारी गेली.

तेरा दिवस नातेवाइकांची गर्दी होती. चौदाव्या दिवशी मी डबा घेऊन वर गेले तर दार उघडं, आणि कुकरची शिट्टी ऐकू आली.

"डबा ठेवा वहिनी. आज मी करतोय."

वही पिठाच्या डब्याला टेकवून उभी केली होती. फोडणी किंचित करपली होती, पण वास ओळखीचा होता. चिंच घातली, गूळ घातला. मग ते थांबले. बोट रकान्यावर.

"इथं काही लिहिलेलं नाही."

"घाला थोडं," मी म्हटलं.

त्यांनी चिमूटभर घातलं, ढवळलं, पळीत घेऊन फुंकर मारली. पळीखाली तळहात धरून ते वळले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "जरा बघ गं—"

खाट आता तिथं नव्हती. फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग होते.

पळीतलं वरण तळहातावर सांडत होतं, भाजत असणार. मी पळी काढून घेतली, चाखली. माझ्या जिभेची सगळ्या ब्लॉकला धास्ती आहे. ती तेव्हा काही कामाची नव्हती.

"कमी आहे का?"

"मला नाही सांगता येणार. तिच्या हातची चव तुमच्याच तोंडात आहे. तुम्हीच बघा."

त्यांनी घातलं, चाखलं. मान हलवली. पुन्हा घातलं. असं कितीदा तरी. एकदा चाखलं आणि हात तसाच राहिला. डोळे मिटून उभे राहिले, गॅस चालू, वरण उकळतंय. मी गॅस बंद केला.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन्सिल उचलली, वहीवर टेकवली आणि खाली ठेवली.

"किती घातलं ते मोजायचं राहिलं, वहिनी."

मी पाट मांडला. भात मऊ झाला होता, गोळाच. ते मान खाली घालून जेवले, ताट पुसून जेवले.

माझा डबा मी भरलेलाच खाली आणला.