गरम कापलेल्या वड्या

डोरीनने ओटचा चुरा, ब्राउन शुगर, लोणी आणि पीनट बटर एकत्र कालवलं, लांबट ट्रेमध्ये हाताने दाबून थापलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. उद्या चर्चमध्ये हॉवलंड आजींना निरोप द्यायचा होता आणि दफनानंतरच्या जेवणासाठी वड्या करायची पाळी तिची होती. गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात कॉफी, हॅमचे सँडविच आणि वड्या मांडल्या जात. ट्रे हरवू नये म्हणून प्रत्येकीने तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असे.

वेंडेल, तिचा नवरा, सकाळीच तळ्यावर मासे धरायला गेला होता. जेवायला घरी येतो म्हणाला होता. जेवणाची वेळ होऊन गेली, सूप दोनदा गरम करून झालं, आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं गोठलेलं तळं पांढऱ्याचं निळसर व्हायला लागलं होतं. या दिवसांत उजेड भराभर उतरतो. फोन लावला की वेंडेलचा आधीच टेप केलेला आवाज निरोप ठेवायला सांगे.

तिने मनाशी एकेक शक्यता तपासून पाहिली. बर्फ हातभराहून जाड होता, त्यावरून पिकअप गाड्या चालत होत्या, त्यामुळे बुडण्याची भीती नव्हती. राहिलं बर्फावरचं खोपटं, ज्यात बसून तो बर्फाला पाडलेल्या भोकातून गळ सोडायचा. आत गॅसची शेगडी असते, हवा कोंडली की माणसाला कळतसुद्धा नाही. नाहीतर हृदय. नाहीतर नुसतंच घसरून पडणं.

मागचं दार वाजलं. रस्त्यापलीकडचा अर्विड उसनी नेलेली शिडी परत द्यायला आला होता.

"वेंडेलची गाडी दिसत नाही. आला नाही अजून?"

"येईल. मासे लागत असतील."

"जाऊन बघून येऊ का? गाडी चालूच आहे माझी."

डोरीनला हो म्हणायचं होतं. पण इथे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. कॉफी असो, गाडीतून सोडणं असो की मदत. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, एवढं म्हणतोस तर' म्हणायचं. तिची आई असंच करायची, अर्विडची आईही.

"छे, उगीच कशाला."

"उगीच काय त्यात? जातो नि येतो."

"नको रे. तुझी धारांची वेळ झाली असेल."

अर्विडने टोपी हातात फिरवली आणि तळ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी ओव्हनचा गजर वाजला. वड्यांचा तळ कडांना तांबूस होऊ लागला होता. अजून मिनिटभर राहिला असता तर कडक झाला असता. ती धावली, ट्रे बाहेर काढला, वळून पाहते तर अर्विड पायरी उतरत होता.

"तू कामात आहेस. निघतो मी," तो पाठमोराच म्हणाला.

तिने हाक मारली नाही. हातातला रुमाल तापून बोटांना चटका बसेपर्यंत ती ट्रे धरून उभी राहिली.

मग तिने चॉकलेट वितळायला ठेवलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं. खालच्या भांड्यातलं पाणी उकळू द्यायचं नसतं, पण तिचं लक्ष खिडकीकडे होतं. वाफेचे चार थेंब चॉकलेटमध्ये उतरले आणि ते बघता बघता आकसून ओल्या वाळूसारखं झालं. तिने त्यात पीनट बटरचा एक मोठा डाव घातला आणि घोटत राहिली. तेल सुटलं, गोळा सैल झाला, चकाकी मात्र परतली नाही. तेच तिने तळावर पसरलं. पसरता पसरता तिच्या मनात आलं की पुढच्या आठवड्यात हेच ट्रे या घरात येतील. अर्विडच्या बायकोचा, लावोनचा येईल, पाद्रीणबाईंचा येईल. पुसून, धुऊन, तळाची नावं वाचून ते परत करावे लागतील.

तिने सुरी घेतली. या वड्या गार झाल्याशिवाय कुणी कापत नाही. ओला थर सुरीला चिकटून वर आला, तळाचा भुगा झाला. तिने जे सापडलं ते ताटलीत भरलं. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊन काही मागायचं तिला कधी जमलं नव्हतं. कोट अडकवून ती रस्ता ओलांडून गेली.

लावोनने दार उघडलं.

"अगं, ये ये. कॉफी टाकते."

"नको, लगेच निघायचंय."

"अर्धा कप?"

"नको गं."

"केलेलीच आहे, ओतून द्यावी लागेल."

"बरं, थोडीशी," डोरीन म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू यायला लागलं. कॉफीसाठी तिसऱ्यांदा विचारतात ही माणसं.

लावोन ताटलीकडे बघत होती. "हे गं काय? गरम कापल्यास? आमच्या कोंबड्यांसाठी आणल्यास का?"

डोरीन हसली नाही. लावोनचंही हसू विरलं.

अर्विड आतून आला. "डोरीन, काळजी करू नकोस. मगाशी तुझ्याकडून परतताना ड्वेन भेटला, तोही तळ्यावर मासे धरायला गेला होता. दुपारी वेंडेलच्या खोपट्यापाशी थांबला होता म्हणे. दाराबाहेरून विचारलं, काही हवंय का, तर वेंडेल आतून म्हणाला, ठीक आहे सगळं."

"आत बोलावलं त्याला?"

"नाही, ड्वेन बाहेरूनच बोलला."

"मासे लागले का, ते सांगितलं?"

"ते काही ड्वेन बोलला नाही."

डोरीनने कप खाली ठेवला. वेंडेल दारात आलेल्या माणसाला मासे दाखवल्याशिवाय सोडत नसे. मासे नसले तर गेल्या वर्षीचे सांगे. जो माणूस जागेवरून उठला नाही, दार उघडलं नाही आणि ठीक आहे म्हणाला, तो ठीक नव्हता.

ती थांबली. अर्विड आता विचारेल, असं तिला वाटलं. पण तो जमिनीकडे बघत होता. दोनदा नको म्हणालेल्या बाईला पुन्हा विचारणं त्याला आगाऊपणाचं वाटत असणार. बाहेर अंधारत होतं आणि तिघं सभ्यपणे गप्प होती.

"अर्विड, जा तळ्यावर," डोरीन म्हणाली. "आत्ता. मला घेऊन जा. तो पडलाय कुठेतरी, मला माहीत आहे. मी मगाशी नको म्हणाले ते खोटं होतं."

पन्नास वर्षांच्या शेजारात असं सरळ कुणी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लावोनने नजर वळवली, जणू डोरीनचे कपडे फाटले होते. अर्विड मात्र बूट चढवत होता. एका पायात मोजा घालायचा राहिला तरी तो थांबला नाही.

"लावोन, ॲम्ब्युलन्सला फोन कर. तळ्याच्या धक्क्यावर यायला सांग."

"अरे, पण नक्की काही झालंय का ते कळल्याशिवाय..."

"कर," डोरीन म्हणाली.

बर्फावरून पिकअप धडधडत गेला. वेंडेलची गाडी खोपट्याशेजारी उभी होती, काचेवर दहिवर साचलेलं. धुराडं गार. अर्विडने दार खांद्याने ढकललं.

वेंडेल फळ्यांच्या जमिनीवर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. पडताना फोन भोकातून तळ्यात गेला होता, भोकातल्या पाण्याने कपडे भिजले होते आणि गॅसची टाकी केव्हाच संपली होती. तो थंडीने कापत नव्हता, आणि तेच डोरीनला सगळ्यात वाईट वाटलं. गारठलेलं अंग आधी कापतं. कापणं थांबलं की समजायचं, आतलं सरपण संपत आलं.

"वेंडेल. मी आहे."

"अगं, तू कशाला आलीस?" त्याची जीभ जड झाली होती.

"ड्वेन आला होता दारात. त्याला का नाही सांगितलंस?"

"एकदाच विचारलं त्याने."

तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिने त्याच्या काखेत हात घातले.

"राहू दे," तो पुटपुटला. "जमेल मला. अर्विडला उगीच त्रास."

दोघांनी मिळून त्याला ताडपत्रीवर आडवं ओढलं. वळलेला पाय उंबरठ्याला लागला तेव्हा तो ओरडला. ते ओरडणं डोरीनला बरं वाटलं. तेवढा जीव होता म्हणायचा.

पिकअपच्या मागच्या बाकावर तिने त्याचे ओले कपडे काढले, आपला कोट उघडला आणि त्याला छातीशी घेतलं. त्याची पाठ ओट्याच्या दगडासारखी गार लागली. अर्विडने हीटर पूर्ण सोडला आणि गाडी हळू चालवली, कारण हिसक्याने असं गारठलेलं हृदय थांबू शकतं, हे तळ्याकाठच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हळू जाणंच असह्य होत होतं.

"बोल माझ्याशी," ती म्हणत राहिली. "बोल."

तो बोलत नव्हता. धक्क्यावरचा ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा लांब होता आणि जवळ येतच नव्हता. तिने त्याच्या मानेला गाल लावला आणि श्वास मोजायचं सोडून दिलं, कारण दोन श्वासांमधलं अंतर तिला सोसवत नव्हतं.

मग त्याच्या खांद्यापाशी काहीतरी हललं. गाडीच्या हादऱ्याने असेल, असं तिला वाटलं. ती श्वास रोखून थांबली. पुन्हा हललं, मग दंडात, मग जबड्यात. त्याचे दात एकमेकांवर वाजायला लागले.

"अर्विड," ती म्हणाली, "कापतोय तो."

अर्विडने मागे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि गाडी तशीच हळू, सरळ, दिव्याच्या दिशेने चालवत राहिला.